विलायती बोलीच्या मागावर नऊ दिवस

मी देवळाली कॅम्पात वाढले आणि नाशिकच्या शाळांमध्ये एकतीस वर्षे इंग्रजी शिकवले. या एकतीस वर्षांत मुलांची जेवढी वाक्ये मी लाल शाईने कापली, त्यांचा हिशेब कुणी मागितला नाही हे माझे भाग्य. निवृत्तीनंतर नॉटिंगहॅमला नोकरी करणाऱ्या भाच्याने आग्रह केला, म्हणून यंदाच्या जून महिन्यात मी आणि हे विलायतेला गेलो. राजवाडे आणि पूल पाहायचे होतेच, पण माझा खरा हेतू तिथली माणसे बसमध्ये, दुकानात आणि एकमेकांशी कशी बोलतात ते ऐकण्याचा होता. त्यासाठी एक वही वेगळी ठेवली होती. पुढचा मजकूर त्या वहीतलाच आहे.

पहिला दिवस, लंडन

रात्रभर विमानात बसून माझा डावा गुडघा आखडला होता, आणि तो त्रास चेहऱ्यावर स्पष्ट दिसत असावा असे मला सकाळभर वाटत राहिले. विमानतळावरचा अधिकारी, कॉफी देणारा मुलगा आणि अर्ल्स कोर्टच्या लॉजमधली स्वागतिका, या तिघांनीही मला पाहताच ‘यू ऑल राइट?’ असे विचारले. तिसऱ्या वेळी मी गुडघ्याचा सविस्तर वृत्तान्त सांगितला. त्या मुलीने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि मग खोलीची किल्ली पुढे केली.

हा प्रश्न नव्हताच, हे मला संध्याकाळी उमगले. दोन मजूर समोरासमोरून आले, एकाने ‘ऑल राइट?’ म्हटले, दुसऱ्यानेही ‘ऑल राइट?’ म्हटले आणि कुणीही उत्तराची वाट न पाहता दोघे आपापल्या वाटेने गेले. आपल्याकडे शेजारी फाटकातून ‘काय, झाला का चहा?’ असे म्हणतो तेव्हा त्याला चहाची माहिती नको असते, तसेच हे. ‘चिअर्स’ हा शब्दही मी मुलांना प्याला उंचावण्यापुरताच शिकवला होता. इथे सुटे पैसे हातात ठेवले तरी ‘चिअर्स’ आणि दार धरून ठेवले तरी ‘चिअर्स’. त्याहूनही घाई असेल तर नुसते ‘टा’.

संध्याकाळी एम्बँकमेंट स्थानकात नॉर्दर्न लाइनच्या उत्तरेकडे जाणाऱ्या फलाटावर मुद्दाम जाऊन उभी राहिले. ‘माइंड द गॅप’ ही सूचना भुयारी रेल्वेत सगळीकडेच आहे, पण या फलाटावरचा आवाज ओस्वाल्ड लॉरेन्स नावाच्या नटाचा आहे. तो २००७ साली वारला. त्यानंतर त्याची पत्नी तो आवाज ऐकण्यासाठी इथे येऊन बसत असे. २०१२ साली नवी यंत्रणा आली आणि आवाज बंद झाला, तेव्हा तिने विनंती केली आणि पुढच्या वर्षी एवढ्या एका फलाटावर तो परत आणला गेला. तीन गाड्या जाऊ दिल्या. ‘माइंड’ म्हणजे मन, असे मी पाचवीच्या वर्गात शिकवत असे, परंतु या देशात तो शब्द बहुतेक वेळा ‘जपा’ या अर्थानेच कानावर पडतो. डोके सांभाळा, पायरी सांभाळा, आणि निरोप देताना ‘माइंड हाउ यू गो’, म्हणजे जपून जा.

दुसरा दिवस, लंडनचा पूर्व भाग

चीपसाइड रस्त्यावरच्या सेंट मेरी-ल-बो या चर्चच्या घंटा ज्याला जन्मतः ऐकू आल्या तो खरा कॉकनी, म्हणजे अस्सल पूर्व लंडनवासी, अशी जुनी व्याख्या आहे. १६६६च्या आगीनंतर क्रिस्टोफर रेनने हे चर्च पुन्हा उभारले, १९४१च्या बाँबहल्ल्यात त्याच्या घंटा पडल्या आणि त्या पुन्हा वाजू लागल्या त्या १९६१ साली. व्याख्या शब्दशः घेतली तर मधल्या वीस वर्षांत एकही कॉकनी जन्माला आला नाही. हा हिशेब मी यांना सांगितला, तेव्हा हे म्हणाले, ‘अगं, व्याख्या अशी कापायची नसते.’

कॉकनी लोकांची यमकांची बोली प्रसिद्ध आहे. जिना म्हणायचा असेल तर ‘ॲपल्स अँड पेअर्स’ म्हणायचे, कारण ‘पेअर्स’चे यमक ‘स्टेअर्स’शी जुळते. बायकोला ‘ट्रबल अँड स्ट्राइफ’ म्हणायचे, कारण ‘स्ट्राइफ’शी ‘वाइफ’ जुळते. हे उदाहरण यांना फार आवडले. खरी मेख मात्र पुढे आहे, ती अशी की बोलणारा पुष्कळदा यमक जुळवणारा शब्दच गाळून टाकतो. ‘लुक’साठी ‘बुचर्स हुक’ जुळवले, पण तोंडात उरतो नुसता ‘बुचर्स’, आणि ‘हॅव अ बुचर्स’ म्हणजे जरा बघा तर. ‘हेड’साठी ‘लोफ ऑफ ब्रेड’, म्हणून ‘यूज युअर लोफ’ म्हणजे डोके चालव. १९५०च्या दशकात गाजलेल्या रूबी मरे या बेलफास्टच्या गायिकेचे आडनाव ‘करी’शी जुळले, आणि आपल्या रश्श्याला इथे ‘रूबी’ हे नाव पडले. जॉन कॅम्डन हॉटनने १८५९ सालच्या आपल्या कोशात ही यमके नोंदवली, म्हणजे त्याआधीपासूनच लंडनच्या फेरीवाल्यांमध्ये ती रुळली होती. गिऱ्हाइकाच्या देखत गिऱ्हाइकाला कळू नये असे बोलणे ही व्यापाऱ्यांची गरज सगळीकडे सारखीच असावी. आपल्याकडे दलाल आणि कापडवाले आकड्यांसाठी निराळेच शब्द असलेली नंदभाषा वापरत, तिची मला इथे आठवण झाली.

पैशांची नावे हा स्वतंत्र विषय आहे. पौंडाला ‘क्विड’, पाचाला ‘फायव्हर’, दहाला ‘टेनर’ इतपत सरळ आहे. पंचविसांना ‘पोनी’ आणि पाचशेंना ‘मंकी’ का म्हणतात, असे बाजारातल्या एका फळवाल्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, तुमच्याच पाचशेच्या नोटेवर माकड होते ना, तिथून आमच्या सैनिकांनी ते आणले. ही कथा इथे बरेच लोक सांगतात, पण माकडाचे चित्र असलेली नोट भारतात कधी निघालीच नाही. मी तसे सांगितले. त्याने एक सफरचंद जास्त टाकले आणि त्याचे मत बदलले नाही. शिलिंगला ‘बॉब’ म्हणत, ते नाणे १९७१च्या दशमान पद्धतीत गेले, तरी ‘अ फ्यू बॉब’ म्हणजे चार पैसे अजून बोलण्यात आहेत. आपले आणे १९५७मध्ये गेले, पण ‘सोळा आणे खरे’ म्हणायला आपण सोडले आहे का?

दुपारी गफ स्क्वेअरमधले डॉक्टर जॉन्सनचे घर पाहिले. १७५५च्या त्याच्या कोशात जे शब्द त्याला पसंत नव्हते त्यांच्यापुढे तो सरळ ‘हलका शब्द’ असा शेरा मारी. आपल्या मराठीचा कोश १८३१ साली रचणारा मोल्सवर्थही इंग्रजच होता, पण त्याने पोथ्यांतल्या शब्दांबरोबर कोकणातल्या बोलीतले आणि बाजारातले शब्दही आपलेपणाने टिपले. मी शिक्षिका म्हणून जॉन्सनच्या पंथातली, हे त्या घराचे जिने चढताना मान्य करावे लागले.

तिसरा दिवस, ब्रिस्टल

पॅडिंग्टनहून पावणेदोन तासांत पोहोचलो. आर्नोस व्हेल दफनभूमीतली राजा राममोहन रॉय यांची समाधी पाहिली. १८३३ साली ते याच शहरात वारले. परतताना बसमध्ये मजा झाली. उतरणारा प्रत्येक जण, दप्तरे सांभाळणारी पोरेसुद्धा, चालकाला ‘चिअर्स ड्राइव्ह’ म्हणून उतरत होता. ‘ड्रायव्हर’ शब्दाची शेपटी कापून केलेले हे संबोधन म्हणजे या शहराची ओळख आहे. इथली आणखी एक खोड म्हणजे स्वरान्त शब्दाला मागे ‘ल’ जोडणे, ज्यामुळे जुन्या माणसांच्या तोंडी ‘आयडिया’चे ‘आयडियल’ होते. या गावाचे मूळ नावही ‘ब्रिग्स्टो’, म्हणजे पुलापाशी वसलेली जागा, असे होते आणि त्याच्या शेवटी आलेला ‘ल’ याच खोडीचा प्रताप मानला जातो. पोस्टऑफिसातल्या वृद्ध बाईंनी यांना पावती देताना ‘देअर यू गो, माय लव्हर’ म्हटले. हे दारापर्यंत काही बोलले नाहीत.

चौथा दिवस, नॉटिंगहॅम

भाचा स्थानकावर न्यायला आला होता. घरी जाताना पाव घ्यायला थांबलो, तर दुकानदारीणबाई यांना म्हणाल्या, ‘एय अप, मी डक.’ ब्रिस्टलमध्ये प्रियकर झालेले हे इथे बदक झाले. नॉटिंगहॅम, डर्बी, स्टोक या पट्ट्यात बाई, पुरुष, मूल, गिऱ्हाईक, सगळ्यांना ‘डक’ म्हणतात, आणि पुरुष पुरुषालाही म्हणतो. लंडनमध्ये तेच ‘लव्ह’ किंवा ‘मेट’ असते, बर्मिंगहॅमला ‘बॅब’, न्यूकॅसलला ‘पेट’, ग्लासगोला बायकांना ‘हेन’. अनोळखी माणसाला आपण मावशी, काका, दादा, ताई करतो, म्हणजे त्याला नात्यात ओढतो, पण नात्यात वय आणि मान ठरवावा लागतो. ताई म्हणावे की मावशी, या पेचात आपण सगळेच कधी ना कधी सापडलेलो असतो. ‘डक’ला वय नाही आणि मानापमानही नाही. मला ते सोयीचे वाटले.

पाव मागताना ‘ब्रेड रोल’ म्हटले तर चालते, पण इथला शब्द ‘कॉब’ आहे. तोच पाव मँचेस्टरला ‘बार्म’, कॉव्हेंट्रीला ‘बॅच’ आणि न्यूकॅसलकडचा जाड, चपटा प्रकार ‘स्टॉटी’. बोळाचेही तसेच. इथे ‘ट्विचेल’, पलीकडच्या परगण्यात ‘जिटी’, उत्तरेला ‘गिनेल’ आणि यॉर्ककडे ‘स्निकेट’. रुसून गाल फुगवून बसलेल्या मुलाला इथे ‘मार्डी’ म्हणतात. नाक्यावरच्या तळणीच्या दुकानात ‘पुक्का’ नावाच्या ‘पाय’ची, म्हणजे सारण भरून भाजलेल्या पदार्थाची, पाटी होती, आणि तो आपला ‘पक्का’ आहे हे आत उभ्या असलेल्यांपैकी बहुधा मला एकटीलाच ठाऊक होते.

शेजारच्या बाईंनी आम्हाला ‘हाफ फाइव्ह’ला ‘टी’साठी बोलावले. हाफ फाइव्ह म्हणजे साडेपाच, साडेचार नव्हे, हे भाच्याने आधीच सांगितले. ‘टी’बद्दल मात्र तो विसरला. चहाच प्यायचा आहे, तेव्हा त्याआधी नीट जेवून घ्यावे, म्हणून मी तीन वाजता पिठलं-भात केला आणि आम्ही तो पोटभर खाल्ला. साडेपाचला त्यांच्या टेबलावर चीज-बटाट्याचा भलामोठा पाय, मटार, गाजर आणि वर कस्टर्ड घातलेला गोड पदार्थ होता. मध्य आणि उत्तर इंग्लंडात अनेक घरांत दुपारच्या जेवणाला ‘डिनर’ आणि संध्याकाळच्या जेवणाला ‘टी’ म्हणतात. आम्ही दोघांनी निमूटपणे ते सगळे संपवले. कसे झाले, असे बाईंनी विचारल्यावर माझ्या तोंडून ‘क्वाइट गुड’ निघाले आणि भाच्याने टेबलाखालून माझा पाय दाबला.

रात्री त्याने खुलासा केला, ‘मावशी, इथे “क्वाइट गुड” म्हणजे बरं होतं, चालून जाईल. तुला “नॉट बॅड” म्हणायला हवं होतं, ती शाबासकी.’ त्याच्या ऑफिसात ‘विथ रिस्पेक्ट’ म्हटले की पुढे आदराचे काही येणार नाही हे सगळ्यांना कळते, आणि ‘आय विल बेअर इट इन माइंड’ म्हणजे विषय संपला. यांना हे विचित्र वाटले. मला वाटले नाही. आपले ‘बघू’ याहून काय वेगळे असते?

पाचवा दिवस, यॉर्कच्या वाटेवर

शेफिल्ड सोडल्यावर गाडी माळावर उभी राहिली ती पाऊण तास. समोर सत्तरीच्या एक बाई आणि त्यांचे यजमान होते. पहिली वीस मिनिटे कुणी काही बोलले नाही. मग बाई म्हणाल्या की आपण ‘नॅकर्ड’ झालो आहोत. म्हातारे घोडे कापण्यासाठी विकत घेणाऱ्याला ‘नॅकर’ म्हणतात, त्यावरून आलेला हा दमल्याचा शब्द. आणि त्यालाच जोडून त्या म्हणाल्या, ‘आणखी दहा मिनिटं अशी गेली तर मी डूलॅली होईन.’

हा शब्द मी कोशात वाचला होता, पण जिवंत माणसाच्या तोंडून प्रथमच ऐकला. ‘डूलॅली’ म्हणजे डोके फिरलेला, आणि तो शब्द म्हणजे माझे गाव. १८६१च्या सुमारास देवळालीला गोऱ्या सैनिकांची छावणी बसली. मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे थांबत. जहाजे फक्त हिवाळ्याच्या मोसमात सुटत, त्यामुळे ज्याची मुदत मोसम टळल्यावर संपली त्याला पुढच्या मोसमापर्यंत महिनेमहिने बसून राहावे लागे. कवायत नाही, काम नाही, उन्हाळा, हिवताप आणि दारू. त्यात काहींची डोकी खरोखरच बिघडत. त्या अवस्थेला ते ‘डूलॅली टॅप’ म्हणू लागले, आणि पुढे त्यातला ‘टॅप’ गळून गेला.

मी बाईंना म्हटले, ‘मी डूलॅलीचीच आहे.’ त्यांना वाटले मी माझ्या डोक्याविषयी बोलते आहे, आणि त्या सौजन्याने म्हणाल्या की अहो, आपण सगळेच थोडेफार असतो. मग मी फोनवर नकाशा उघडून नाशिकजवळचे देवळाली दाखवले. ‘यू आर हॅविंग मी ऑन!’ त्या ओरडल्या, म्हणजे माझी फिरकी घेताय. यजमान मात्र पुढे सरकले. त्यांचे आजोबा पूर्ण ‘डूलॅली टॅप’ म्हणत आणि म्हणताना कपाळावर बोटाने टकटक करत, त्यामुळे ‘टॅप’ म्हणजे टिचकी असेच घरात सगळ्यांना वाटत आले होते. तो आपला ‘ताप’ आहे हे कळल्यावर ते बराच वेळ स्वतःशीच तो शब्द म्हणून पाहत होते.

मग राहिलेला वेळ यादीतच गेला. पहिल्या महायुद्धातले सैनिक आपल्या देशाला ‘ब्लायटी’ म्हणत, ते आपले ‘विलायती’, आणि घरी पाठवावे लागेल एवढी जखम म्हणजे ‘अ ब्लायटी वन’. ‘डेको’ म्हणजे ‘देखो’. ‘चिट’ म्हणजे चिठ्ठी. ‘मंगूस’ हा प्राणी तर थेट आपल्या मुंगुसाच्या नावानेच इंग्रजीत शिरला. बाईंनी डब्यातला ओटचा केक अर्धा करून मला दिला. गाडी सुटली तेव्हा खरे सांगायचे तर मला वाईट वाटले.

सहावा दिवस, यॉर्क

इथे रस्त्यांना ‘गेट’ म्हणतात, वेशीला ‘बार’ म्हणतात आणि बारला पब म्हणतात, हा विनोद इथला प्रत्येक वाटाड्या सांगतो. विनोदामागे इतिहास आहे. ८६६ साली डेन लोकांनी हे शहर घेतले आणि त्यांच्या भाषेत रस्त्याला ‘गाटा’ म्हणत. स्टोनगेट, मिकलगेट ही नावे तिथून आली. चहाच्या दुकानातल्या मुलाने सांगितले, ‘नाइन व्हाइल फाइव्ह’, आणि मला वाक्य अपुरे वाटले. यॉर्कशरमध्ये ‘व्हाइल’ म्हणजे ‘पर्यंत’. काहीच नाही म्हणजे ‘नाउट’, काहीतरी म्हणजे ‘समट’.

जवळच्या लीड्स विद्यापीठातले हॅरल्ड ऑर्टन आणि त्यांचे सहकारी १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी गेले आणि खेड्यापाड्यांतल्या वृद्धांना तेराशेहून अधिक प्रश्न विचारून त्यांचे शब्द उतरवून घेतले. अपेक्षित शब्द विचारणाऱ्याने स्वतः उच्चारायचा नाही, वस्तू दाखवून किंवा वर्णन करून ‘याला तुम्ही काय म्हणता?’ असे विचारायचे, ही त्यांची पद्धत होती. माझ्या वर्गात कळवण-सटाण्याकडची मुले असत आणि अहिराणी बोलत. त्यांना हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. नीट बोला, असे मात्र सांगितले.

सातवा दिवस, न्यूकॅसल

पाऊस ‘स्पिटिंग’ होता, म्हणजे थुंकल्यासारखा. आमच्या पुस्तकात कुत्र्यामांजरांचा पाऊस होता, तो नऊ दिवसांत एकाही माणसाच्या तोंडून ऐकला नाही. टाइन नदीवरचे पूल पाहिले. घरी जाणे याला इथले लोक ‘गॅन हाइम’ म्हणतात, त्यातला ‘हाइम’ नॉर्वे-डेन्मार्कच्या घराशी नाते सांगतो. ‘कॅनी’ म्हणजे चांगले, छान. बाकी जे कानावर पडले त्यातले निम्मे मला कळले नाही, आणि तसे वहीत लिहून ठेवले आहे.

आठवा दिवस, एडिंबरा

सकाळी ‘द्रीख’ हवा होती. करडे, ओले आणि संपता न संपणारे असे सगळे त्या एका शब्दात आहे, आणि त्याचा शेवट आपल्या ‘ख’सारखा घशातून येतो, म्हणून मला तो पहिल्या प्रयत्नात जमला. समोरच्या बाई पिशवी घेऊन ‘मेसेजेस’ आणायला निघाल्या होत्या, म्हणजे भाजी आणि किराणा. प्रत्येक गोष्ट ‘वी’, म्हणजे इवलीशी. इवलासा चहा, इवलीशी सही, आणि किल्ल्याचा तो प्रचंड चढ म्हणजे इवलेसे चालणे.

त्याच चढावर बाकावर बसलेल्या एका आजोबांनी विचारले, ‘व्हेअर डू यू स्टे?’ मी हॉटेलचे नाव सांगितले. ते म्हणाले, तसे नव्हे, घर कुठे? स्कॉटलंडमध्ये ‘स्टे’ म्हणजे कायमचे राहणे. आपण मराठी माणसे ‘कुठे राहता?’चे जसे इंग्रजी करतो अगदी तसे, आणि नेमके हेच वाक्य मी एकतीस वर्षे कापत आले. ‘स्टे’ हॉटेलात, ‘लिव्ह’ घरी, असे फळ्यावर दोन रकाने आखून शिकवत असे. या वाक्यामागे कुणाकुणाचा अर्धा गुण गेला असेल, ते उतरताना आठवू लागले. ‘आता त्यांना पत्र पाठवणार का?’ असे हे म्हणाले.

नववा दिवस, पुन्हा लंडन

रात्रीच्या विमानाआधी डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गेलो. १९३२ पासूनचे हे मंडळ आहे. एका ओळखीच्या कुटुंबातली बारा वर्षांची नात आजीला सांगत होती, ‘आजी, इट्स बेअर कोल्ड, इनिट.’ ‘बेअर’ म्हणजे खूप. लंडनच्या तरुण पोरांच्या आजच्या बोलीत जमैकाचे, कॉकनीचे आणि आणखी कुठले कुठले धागे आहेत, आणि त्यात आपलीही मुले आहेत. आजी म्हणाल्या, ‘हे इनिट मला मुळीच आवडत नाही.’ मी विचारले, ‘थंडी आहे ना, असं आपण म्हणतो, त्यातला “ना” आवडतो ना?’ तो, ती, ते, काल, उद्या, कशालाही न बदलता चिकटणारा आपला ‘ना’ आणि त्यांचा ‘इनिट’ एकाच कामाचे आहेत. आजी हसल्या, पण त्यांचे मत बदलले नाही. निघताना सवयीने ‘येते’ म्हणाले, तर नातीने विचारले, ‘बट यू आर गोइंग, ना?’

मुंबईहून पंचवटीने नाशिकरोडला उतरलो. बाहेर रिक्षावाले ‘कॅम्प, कॅम्प’ असे ओरडत होते. घरापाशी उतरताना मी चालकाला म्हटले, ‘थँक्यू हं दादा.’ त्याने मागे वळून माझ्या हातातल्या नोटेकडे पाहिले आणि म्हणाला, ‘सुट्टे द्या, मावशी.’